शिबिरात मी केलेली तक्रार

माझी मुलगी चौदा वर्षांची असताना महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण वडिलांमार्फत. तिघं एकाच टेबलाशी जेवायला बसलेलो असायचो आणि ती म्हणायची, "बाबा, आईला सांगा, मला भात नको." माझा नवरा बिचारा माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. मग मी म्हणायचे, "तिला सांगा, दोन घास तरी घे." पहिले दोन दिवस आम्हाला हसू आलं. नंतर येईनासं झालं.

चूक माझी होती, हे मला माहीत होतं. आम्ही पुण्याहून बंगळूरला येऊन तीन वर्षं झाली होती. नवरा एका सरकारी संशोधन संस्थेत होता आणि मी मल्लेश्वरममधल्या एका शाळेत गणित शिकवत होते. मुलगी दुसऱ्या शाळेत नववीत होती आणि सहामाहीला गणितात नापास झाली होती. त्याच आठवड्यात पुण्याचे पाहुणे आले. चहा देता देता मी हसत म्हणाले, "गणिताच्या बाईंची मुलगी बघा! ही आमच्याकडची वाटतच नाही." पाहुणे हसले. ती उठून आत गेली, ती गेलीच.

मी दोनदा माफी मागितली. पण माझ्या माफीत कुठेतरी "पण तू अभ्यास करत नाहीस" हे यायचंच, आणि ती पुन्हा आत निघून जायची. शाळेत माझी एक मैत्रीण होती, भौतिकशास्त्र शिकवणारी, मूळची तिथलीच. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, म्हणून मला अक्का म्हणायची. तिला हे सांगितलं, तर ती तिच्या कन्नड-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत म्हणाली, "अक्का, नाताळच्या सुट्टीत माझ्याबरोबर चल. पाच दिवसांचं शिबिर आहे. स्वल्प ध्यान, स्वल्प बोलायला शिकणं."

"बोलायला मी आता शिकू?"

"न दुखावता बोलायला," ती म्हणाली.

सुट्टी लागली तशी मी गेले.

जागा येलहंकाच्या पुढे, एका ट्रस्टच्या चिकूच्या बागेत होती. मधोमध सिमेंटच्या पत्र्याचा लांबलचक हॉल, बाजूला दोन-दोन खाटांच्या खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि ताटं धुवायला नळांची रांग. आम्ही तीसेक जण होतो. ध्यान शिकवायला मुंडण केलेली, तांबूस कफनी घातलेली एक युरोपियन भिक्षुणी होती. बोलण्याचा वर्ग म्हैसूरकडचे एक निवृत्त प्राध्यापक घेणार होते. पहिल्या संध्याकाळी जेवणानंतर मौन सुरू व्हायचं होतं आणि ते फक्त दुपारच्या वर्गात सुटणार होतं. खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या. माझी मैत्रीण दुसऱ्या टोकाला गेली आणि माझ्या खोलीत पन्नाशीच्या एक बाई आल्या. खळ घातलेली सुती साडी, हातात रेक्झिनची बॅग. मी स्वतःशीच पुटपुटले, "उशी कुठे ठेवलीय कोण जाणे," तर त्या एकदम वळल्या.

"तुम्ही मराठी काय?"

परक्या गावात आपली भाषा ऐकून जो आनंद होतो तो आम्हा दोघींना झाला. त्या नागपूरच्या होत्या. नवऱ्याच्या बदलीमुळे वीस वर्षांपूर्वी इथे आल्या आणि इथल्याच एका सरकारी कारखान्यात स्टोअर्समध्ये लागल्या. मी विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सगळ्यांनाच विचारते. आमच्याकडे सगळेच विचारतात. त्यांनी आडनाव सांगितलं. मी म्हणाले, "अच्छा."

"आम्ही बौद्ध," त्या म्हणाल्या.

हे मी विचारलं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "मग तुम्हाला इथलं सगळं माहीतच असेल."

त्या हसल्या. "मलाही तसंच वाटून राहिलं. पण खरं सांगू का, ताई? आमच्या घरी वंदना आहे, सुत्तं आहेत, पौर्णिमेची खीर आहे. डोळे मिटून कोणी बसलेलं मी पाहिलं नाही. माझ्या बाबांनी तरुणपणी दीक्षा घेतली, नागपूरलाच. ते म्हणायचे, धम्म आपल्याला डोळे उघडायला मिळाला, मिटायला कोणाला वेळ आहे? ते यंदा गेले. म्हटलं, एकदा मिटून बघावं, काय असते ते."

मग घंटा झाली आणि मौन सुरू झालं.

ध्यानाचं मला पहिल्या दिवसापासून काही उमगलं नाही. भिक्षुणी शांत आवाजात सांगायची, श्वासाकडे लक्ष द्या, पण त्याला वळण लावू नका. मी लक्ष दिलं की श्वास लगेच शिस्तीत यायचा, वर्गात बाई आल्यावर मुलं येतात तसा. मग मी श्वास मोजायला लागले. तीनशे चाळीसपर्यंत गेले आणि मोठ्या समाधानाने तिला चिठ्ठी लिहून कळवलं. उत्तर आलं, "मोजू नका." येलहंकाच्या हवाई तळावरून प्रशिक्षणाची विमानं उडायची. हॉलवरून विमान गेलं की पत्रे थरथरायचे. भिक्षुणी म्हणायची, आवाजाला हाकलू नका आणि त्याच्यामागे जाऊही नका. मग करायचं काय, हे मला विचारायचं होतं, पण मौन होतं.

मैत्रीभावनेच्या बैठकीत तर फारच घोटाळा झाला. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग प्रिय माणसाचं, मग ज्याच्याशी घेणं ना देणं त्याचं आणि शेवटी ज्याच्याशी आपलं जमत नाही त्याचं. माझ्या मुलीला यातल्या कुठल्या जागी बसवायचं ते मला ठरवता येईना. मी तिला दुसऱ्या जागेवरून चौथीवर नेलं, चौथीवरून परत दुसरीवर आणलं. तेवढ्यात घंटा झाली. स्वतःचं चिंतायचं राहूनच गेलं.

दुपारी प्राध्यापक फळ्यावर चार पायऱ्या लिहायचे: काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवं होतं, माझी विनंती काय. चार ओळींचं गणित म्हटल्यावर मला हुरूप आला. मी वहीत लिहिलं, "मला वाटलं की मुलगी मुद्दाम अभ्यास करत नाही," आणि इंग्रजी करून त्यांना वाचून दाखवलं.

"हा विचार झाला," ते म्हणाले. "भावना कुठे आहे?"

"सर, मराठीत दोन्हीला वाटणंच म्हणतात. वाईट वाटलं तरी वाटलं, आणि ती आळशी आहे असं वाटलं तरी वाटलंच."

ते म्हणाले, "मग तुम्ही मराठी लोकांनी दुप्पट सांभाळून बोलायला हवं."

सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवसापासून 'वाटणं' हा शब्द वापरायचा झाला की मी अडखळायला लागले, ती आजपर्यंत.

उठायची घंटा पाचला असायची. दुसऱ्या दिवशी मला त्याआधीच, साडेचारच्या सुमारास जाग आली. शेजारच्या खाटेवर नागपूरच्या बाई शाल पांघरून मांडी घालून बसल्या होत्या आणि पालीतून काहीतरी म्हणत होत्या. खूप हळू. शब्द कळत नव्हते, नुसती एक लय येत होती. मी कूस बदलली. तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच. डिसेंबरची थंडी होती, अर्ध्या तासाची झोप गेली होती आणि आदल्या दिवशीच्या ध्यानात मला काहीही जमलं नव्हतं. मी पडल्या पडल्या धुमसत राहिले. मौन म्हणजे मौन. नियम सगळ्यांना सारखे. गणिताच्या बाईंना जे सुचायचं ते सगळं मला सुचलं.

हॉलच्या दारात चिठ्ठ्यांसाठी एक पेटी होती. नाश्त्याचं उप्पीट खाऊन झाल्यावर मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. माझ्या खोलीतल्या बाई पहाटे मोठ्याने प्रार्थना म्हणतात, त्यामुळे मौन मोडतं. चिठ्ठी घडी घालून पेटीत टाकली.

त्याच दिवशी जेवणानंतर प्राध्यापकांनी त्यांना व्हरांड्यात बोलावलेलं मी पाहिलं. ते अतिशय नम्रपणे, किंचित वाकून बोलत होते. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी होती. बाईंनी ती घेऊन वाचली, मान हलवली आणि परत दिली. दुपारच्या बैठकीत त्या नेहमीच्या जागी बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण मौनात कोणी कोणाकडे पाहायचंच नव्हतं. त्यामुळे त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला मला आपोआप जाग आली. त्या खाटेवर बसल्या होत्या, शाल पांघरून, ओठ मिटून. खोलीत काही आवाज नव्हता. पाचच्या घंटेपर्यंत मी डोळे मिटून पडून होते आणि मला झोप लागली नाही.

त्या दुपारी प्राध्यापकांनी जोड्या लावल्या. ज्या भाषेत तुम्ही लहानपणी आईचा ओरडा खाल्ला त्या भाषेत बोला, म्हणाले. कन्नडवाले, तमीळवाले, हिंदीवाले असे गट पडले. मराठी आम्ही दोघीच होतो.

चिकूच्या झाडाखाली चटईवर आम्ही समोरासमोर बसलो. नियम सोपा होता. एकीने दहा मिनिटं बोलायचं, दुसरीने फक्त ऐकायचं. सॉरी नाही, सल्ला नाही, स्वतःची बाजू नाही. शेवटी ऐकलेलं तिला परत सांगायचं आणि विचारायचं, काही राहिलं का?

त्या आधी बोलल्या. खाली चटईकडे बघत.

"बाबांना जाऊन आठ महिने झाले. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. तेव्हापासून मी रोज पहाटे ते म्हणते, जे ते म्हणायचे. हळूच म्हणते, मिस्टरांची झोप मोडू नये म्हणून. सवय झाली आहे हळू म्हणायची. इथं आली तर वाटलं, हे तर बुद्धाचंच घर. इथं कोण काय म्हणणार? काल मला सांगितलं, तुमचा त्रास होऊन राहिला, बंद करा. बंद केलं. आज आठ महिन्यांत पहिला खाडा पडला." मग म्हणाल्या, "राग आला की वाईट वाटलं, ते मला समजून नाही राहिलं. बुद्धाच्या घरी बाकी सगळे घरचे आणि मी एकटी पाहुणी. असं उलटं कसं झालं, तेवढंच मी कालपासून विचार करून राहिली."

वरून विमान गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "झालं माझं."

सांगून टाकावं की ती चिठ्ठी माझी? पण नियम होता, ऐकणारीने स्वतःचं काही बोलायचं नाही. त्या क्षणी मला तो नियम फार आवडला, आणि आपल्याला तो का आवडतोय हेही मला कळत होतं. मी ऐकलेलं परत सांगायला लागले.

"तुमचे वडील गेले. तुम्ही त्यांचं रोज पहाटे म्हणता. हळू म्हणता." हा शब्द उच्चारताना माझा आवाज चिरकला. "इथे तुम्हाला बंद करायला सांगितलं. राग आला की वाईट वाटलं ते कळत नाहीये. बुद्धाच्या घरी तुम्हीच पाहुण्या झालात. काही राहिलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळं आलं."

प्राध्यापक फेरी मारत मारत आमच्याजवळ आले. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "फार सुंदर." त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता.

मग माझी पाळी आली. मी मुलीचं सांगितलं. गणित, पाहुणे, ते वाक्य, तीन आठवडे. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी सगळं नीट क्रमाने परत सांगितलं. "पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणाल्या, ही आमच्यातली वाटतच नाही."

"आमच्याकडची," मी म्हणाले.

"हो. तेच."

पाचव्या दिवशी दुपारी मौन सुटलं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, पत्त्यांच्या कागदावर पत्ते लिहीत होते. मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं. जेवणानंतर त्या नळावर ताट धूत होत्या, तिथे मी माझं ताट घेऊन गेले आणि चार पायऱ्यांनी सुरुवात केली. "परवा सकाळी मी एक चिठ्ठी लिहिली. तेव्हा मला झोपमोडीची चिडचिड झाली होती. मला विश्रांती हवी होती. माझी तुम्हाला विनंती आहे की..." इथे मी अडकले. विनंती काय करायची ते मी ठरवलंच नव्हतं.

"मला माहीत होतं," ताटाला काथ्या घासत त्या म्हणाल्या. "खोलीत आपण दोघीच तर होतो."

"मग काल तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलली ना. तुमच्याशीच तर बोलली. दहा मिनिटं बोलली."

मी नळ सोडला. पाणी ताटावरून माझ्या साडीवर उडालं, पण मला बंद करायचं सुचेना. त्यांनीच हात पुढे करून बंद केला.

"एक विचारू काय, ताई? त्या चिठ्ठीत मोठ्याने म्हणते असं लिहिलं होतं. लाउडली. ते काहून लिहिलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. हे खरं होतं.

"मला उत्तर नाही पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचार करा फक्त." त्यांनी ताट निथळलं, रचलेल्या ताटांवर ठेवलं आणि त्या गेल्या.

परत येताना टेम्पोत मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सरी सरी, ठीक आहे, अक्का, झोप प्रत्येकाला हवी असते. इतका विचार करशील तर ध्यानाचा उपयोग काय?" पण माझं डोकं थांबेना. माझ्या सासूबाई दरवर्षी चार महिने आमच्याकडे असायच्या. त्या पहाटे उठून स्तोत्रं म्हणायच्या, आणि त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. त्यांच्यामुळे माझी झोप मोडल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं. आता हे सवयीमुळे, की त्या सासू म्हणून, की त्यांची स्तोत्रं माझ्या ओळखीची म्हणून? आणि पहिल्या संध्याकाळी मी आडनाव विचारून जे "अच्छा" म्हणाले, ते कसलं अच्छा होतं? दुसऱ्या कुठल्या आडनावाला मी ते तशाच सुरात म्हणाले असते का? मी टेम्पोत बसून मनातल्या मनात वेगवेगळ्या सुरांत "अच्छा" म्हणून पाहिलं. मूळचा सूर काही केल्या आठवेना. मी वाईट हेतूने लिहिलं असं म्हणावं तर तसा हेतू मनात सापडत नव्हता. नव्हता म्हणावं, तर तो 'मोठ्याने' कुठून आला?

घरी मुलीवर चार पायऱ्यांचा प्रयोग केला. तिच्यासमोर बसून म्हणाले, "त्या दिवशी मी पाहुण्यांसमोर ते वाक्य बोलले, तेव्हा तुला अपमान वाटला असेल, कारण तुला आदराची गरज होती..."

ती घाबरून वडिलांकडे वळली. "बाबा, आईला बरं नाहीये का?"

दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता नवऱ्याला चिठ्ठीचं सांगितलं. पायऱ्या वगैरे काही नाही. जसं घडलं तसं, लाज वाटत होती तरी. त्याने मध्येच तोडलं. "तू तसली नाहीस. उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. झोपमोड झाली म्हणून लिहिलंस, संपलं."

"असेलही," दारातून आवाज आला.

मुलगी पाणी प्यायला आली होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"काय असेलही?" मी विचारलं.

"तसली असशीलही, आई. त्या हळूच म्हणत होत्या ना? मग?"

मला आधी सणकून राग आला. मग लक्षात आलं की ती माझ्याशी बोलली होती, थेट, आई म्हणून. रागवायचं की तिला जवळ घ्यायचं ते कळेना, म्हणून मी भाजी चिरत राहिले. ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली आणि प्रश्न विचारायला लागली. त्या कोण आहेत, कुठे राहतात, मग तू काय म्हणालीस, मग त्या काय म्हणाल्या. माझी इतकी कसून उलटतपासणी कोणी केली नव्हती. पण महिन्याभरात आम्ही दोघी इतक्या बोललोही नव्हतो.

शिबिरातल्या पत्त्यांची यादी टपालाने आली तेव्हा तिनेच माझ्यासमोर पोस्टकार्ड आणून ठेवलं. मी लिहिलं की मला भेटायला यायचं आहे. तीन आठवडे उत्तर नाही. मी म्हटलं, आता उत्तर येणारच नाही. मग एका ओळीचं कार्ड आलं, "येत्या रविवारी या, मुलीला आणा."

दोन बस बदलून आम्ही त्यांच्या कारखान्याच्या वसाहतीत गेलो. घर छोटं, लखलखीत. त्यांचे मिस्टर टीव्हीवर क्रिकेट बघत होते. ते उठून नमस्कार करून पुन्हा बसले. बाईंनी तर्री-पोहे केले होते, तिखटजाळ. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मुलीने दोन बश्या संपवल्या. शिबिराचा विषय कोणीच काढेना. मी भिंतीवरचे फोटो पाहिले, खिडकीतली तुळस... नाही, तुळस नव्हती, तो ओवा होता. मी त्याला तुळस म्हणाले आणि त्यांनी शांतपणे दुरुस्त केलं. मला वाटलं, आता आपण तोंडच उघडू नये.

मुलीने उघडलं. "मावशी, तुम्हाला आईचा राग आला होता?"

मी बशी खाली ठेवली.

"आला होता," त्या म्हणाल्या.

"आता आहे?"

त्यांनी जरा विचार केला. "थोडा आहे."

"मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"राग आहे म्हणून काय कोणाला घरी बोलवू नये?" त्या हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पोहे घ्या ना, ताई. काहीच घेतलं नाही तुम्ही."

मी आणखी पोहे घेतले. नाही म्हणायचं मला सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये मी मुलीला विचारलं, "त्यांनी मला माफ केलं, असं वाटतं का तुला?" ती म्हणाली, "मी त्यांना ते नाही विचारलं." आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा भेटलो. दर वेळी त्या चांगलं वागायच्या, आणि दर वेळी मी घरी येऊन त्यांच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत बसायचे. मुलीचं तसं नव्हतं. ती त्यांच्याशी नागपुरी बोलायला शिकली आणि मला चिडवायला "काहून?" म्हणायला लागली. दहावीला तिला गणितात जेमतेम मार्क मिळाले. त्यावर मी काही बोलले नाही, आणि त्यासाठी मला बराच प्रयत्न करावा लागला.

दोन वर्षांनी त्या स्वेच्छानिवृत्ती घेऊन नागपूरला परत गेल्या. पत्रं मुलीला यायची. सगळं पत्र तिच्यासाठी आणि शेवटी एक ओळ, "तुझ्या आईबाबांना जय भीम." उत्तराच्या शेवटी मीही एक ओळ लिहायचे, "सौ. ताईंना नमस्कार." दोनदा असं लिहिल्यावर तिसऱ्या पत्राच्या वेळी माझा हात थबकला. त्या दर वेळी जय भीम म्हणतात आणि मी दर वेळी नमस्कार लिहिते, म्हणजे मी ते न घेता परत करतेय की काय? मग जय भीम लिहावं, तर ते माझ्या तोंडी खरं आहे का? की उगाच दाखवायला? मी एका चिठोऱ्यावर दोन्ही लिहून पाहिलं. दोन्ही खोटंच दिसत होतं.

मुलगी पाकीट घेऊन दारात उभी होती. "आई, टपाल निघेल. काय लिहायचं ते लिही."

मी जय भीम लिहिलं. अक्षर नीट आलं नाही, 'भ'ला दोनदा गिरवावं लागलं. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पाकीट चिकटवलं आणि ती पोस्टात गेली. महिन्याने नागपूरहून उत्तर आलं. चार पानं भरून मजकूर होता. नागपूरच्या उन्हाबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल, मुलीने कॉलेजात कुठला विषय घ्यावा त्याबद्दल. मी ते तीनदा वाचलं. माझ्या त्या ओळीबद्दल त्यात काहीच नव्हतं.